चार चुलींचा एक रेडिओ

पेज वाढण्याआधी आमचे घरमालक पितळी घंटा वाजवत. पहिली घंटा हात धुवायची, दुसरी पाटावर बसायची. जेवणारी माणसं तीन. ते, त्यांची बायको आणि मागच्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहणारी मी. पण घंटा अशी घणघणे की पाणंदीतून जाणारी गुरंसुद्धा थबकत. मग खांद्यावर पंचा टाकून ते स्वतः पेज वाढत, आणि तीही डाव्या बाजूनं. उजवीकडून वाढलं तर विलायतेत नोकरी जाते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. मी म्हटलं, "काका, ही विलायत नाही." तर म्हणाले, "बाईनू, वाढप्याक सगळीकडे विलायतच."

मी घाटावरची. शाळेची नेमणूक झाली म्हणून मालवणजवळच्या त्या वाडीत आले. गोव्यात तेव्हा फिरंग्यांचं राज्य होतं आणि आमच्या वाडीत विजेचा खांबसुद्धा उभा राहिला नव्हता. काकांनी उभा जन्म आगबोटीवर बटलर म्हणून काढला होता. गावी परतले तरी बोट काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. पडवीला ते 'डेक' म्हणत, काकींच्या चुलीला 'गॅली' म्हणत आणि मला 'सेकंड क्लासचा प्याशिंजर'. दर रविवारी करवंटीच्या निखाऱ्यांची इस्त्री करून पांढरा कोट घालत आणि तो घालून कोंबड्यांना दाणे टाकत. वाडी त्यांना तोंडावर बटलर म्हणे, पाठीमागेही बटलरच म्हणे. त्यांना त्यात मान वाटायचा.

नवऱ्यानं बायकोला वाढायचं, यावर वाडीत हसून हसून लोक लोळत. काका म्हणत, "लाटसायबाक वाढलंय, बायलेक वाढूक लाज कसली?" एवढं मात्र खरं, की त्यांच्यासारखं वाढणं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. भात संपत आला आहे हे आपल्या लक्षात यायच्या आत तो पानात पडलेला असे. कुणी पाठीशी उभं आहे हेसुद्धा जाणवत नसे. एरवी हा माणूस बोलायला बसला की वासरालासुद्धा लंडनच्या सुपाची गोष्ट सांगून सोडायचा. बढाईला तोटा नव्हता. वाढताना मात्र नाहीसा व्हायचा.

शेवटच्या सफरीवरून येताना त्यांनी एक रेडिओ आणला होता. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, चांगला ट्रंकेएवढा. संध्याकाळी वाडीतले पुरुष ओटीवर जमत आणि रेडिओसमोर मांडी घालून, माना पुढे काढून ऐकत बसत. काकांना ते पाहवत नसे.

"तेच्या फुड्यात देवाफुडे बसल्यासारखे काय बसतास रे?" ते ओरडत. "गाणा फुडसून येवक नाय व्हया. पाठसून येवक व्हया. वाढप्यासारख्या. आसा, पण दिसता नये."

बोटीवरच्या जेवणघरात म्हणे वाजंत्री कुठं दिसतच नसे. एका जागी यंत्र, आणि तिथून तारा थेट सगळ्या खोल्यांत. साहेब जेवायचे, बोलायचे, हसायचे, आणि वाजप त्यांच्या पाठीमागे हलकेच चालू असायचं. कुणी त्याच्याकडे कान द्यायचं नाही, आणि बंद पडलं तर मात्र जेवणाची चव जायची. हे वर्णन सांगताना काकांचे डोळे ओले व्हायचे. पुरुष जांभया द्यायचे आणि आवाज वाढवायला सांगायचे.

एका संध्याकाळी पुरुष उठून गेल्यावर काकांनी काकींना विचारलं, "आज भजन काय बरा झाला. आयकलंस मगो?"

काकी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "आयकलंय. भिंतीपलीकडे भोवरो गुणगुणता तसा. रोज तसाच आयकतंय."

पुरुष बसले असताना बायकांनी ओटीवर येऊन बसायचं नाही, असा काही लिहिलेला नियम नव्हता. लिहिलेला नव्हता म्हणूनच तो कुणाला मोडता येत नसे. काका त्या रात्री नीट जेवले नाहीत. सगळ्या जन्मात इतक्या माणसांना जेवताना त्यांनी वाजप ऐकवलं होतं, आणि स्वतःची बायको रोज एकटी चुलीपुढे बसून भुंगा ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पांढरा कोट घालून ते मालवणच्या बाजारात गेले आणि तारेचं भेंडोळं आणि लाकडी पेट्यांत बसवलेले चार स्पीकर घेऊन आले.

वाजप कसं असावं हे काकांना नेमकं ठाऊक होतं. वीज कशी असते हे मुळीच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी चार स्पीकर माळेसारखे एकामागे एक ओवले. आवाज इतका मऊ आला की डास बरा. मग चारही स्पीकर रेडिओला थेट शेजारी शेजारी बांधले. थोडा वेळ सुरेख वाजलं, मग रेडिओच्या पोटातून जळका वास आला आणि सगळं शांत झालं. काका त्याला कुशीत घेऊन एस.टी.नं कुडाळला गेले. तिथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं आधी त्यांना चार शब्द सुनावले आणि मग युक्ती सांगितली. दोन स्पीकर एकामागे एक ओवून त्यांची एक जोडी करायची. अशा दोन जोड्या शेजारी शेजारी लावायच्या. म्हणजे रेडिओवर चारांचं ओझं न पडता एकाचंच पडतं. पण एक अट. जोडीतला एक काढला की दुसराही मुका होतो.

काकांनी घरी येऊन हे आम्हाला असं समजावलं, "बायलो चार, पण रेडिओक वाटता आपणाक एकच आसा." काकींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

पहिली जोडी काकींची चूल आणि माझी खोली. दुसऱ्या जोडीतला एक शेजारच्या सोनाराच्या घरी आणि दुसरा पाणंदीपलीकडे आतेच्या घरी. आते म्हणजे काकांच्या वडिलांची बहीण. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, आता पायांनी धड उठता येत नव्हतं. दिवसभर चुलीपाशी बसून ती मांजराशी बोलायची. तिच्यासाठी काकांनी आपल्या माडावरून तिच्या माडावर, पाणंदीच्या वरून, तार ताणली. खालून गवतानं भरलेली गाडी पाठवून पाहिली. गाडी सुखरूप गेली तेव्हा त्यांनी बोटीवरच्यासारखा सलाम ठोकला.

आवाज किती ठेवायचा, याचं माप म्हणजे पळी. काका हातात पळी घेऊन चारही घरं फिरत आणि पातेल्याच्या काठावर टकटक करत. पळीचा आवाज गाण्याच्या वर ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर आवाज कमी. शब्दांची गाणी त्यांना जेवणाला चालत नसत. शब्द आले की माणूस शब्दांमागे जातो आणि आमटी करपते, असं त्यांचं मत. दुपारी ते गोव्याकडचं स्टेशन लावत. तिकडून व्हायोलिनींचं फिरंगी वाजप यायचं, बिनशब्दांचं.

आणि मला कबूल करायला हवं की माणूस बरोबर होता. मी परक्या मुलखात एकटी राहत होते. दिवसाचं जेवण काकांकडे असे, पण रात्रीचं मी माझ्याच चुलीवर शिजवायचे; शाळेतून येऊन भात टाकला की चार भिंती अंगावर यायच्या. ती पेटी फळीवर आल्यापासून तसं झालं नाही. मी ऐकत नसे, पण कुणीतरी घरात आहे असं वाटायचं. काकी कुळीथ निवडता निवडता मान डोलवायच्या आणि आपण डोलवतो आहोत हे त्यांना माहीत नसायचं. आते मांजराला सांगायची, "आयक गो, आपल्याकडे पावणे इलेत."

वाडीचे मानकरी हे काकांचे चुलतभाऊ. घर आतेच्या लगत, पाणंदीपलीकडे. देवाचा मान त्यांच्याकडे, त्यामुळे वाडीतला शेवटचा शब्दही त्यांचाच. रेडिओला ते पहिल्यापासून 'बटलराचा सोंग' म्हणत. दसरा जवळ आला तसे एका सकाळी ते पाणंदीत उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "बटलरा, हडे ये. ही तार कित्याची?"

"आतेच्या पेटयेची. गवताची गाडी खालसून जाता. बघलंय मी."

"गाडी जाता. तरंग जातलो?"

दसऱ्याला आमच्या त्या पाणंदीतून देवाचे तरंग निघत. साड्या नेसवलेल्या उंच काठ्या, त्यांच्यावर देवाचं वास्तव्य, आणि त्या घेणारी माणसं घामानं निथळत नाचत जात. गवताच्या गाडीपेक्षा तरंग कितीतरी उंच.

"देवाक वाकयतलंस?" मानकऱ्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरजही नव्हती.

काका घरात येऊन बसले. "माझ्या डोक्यातच इला नाय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "गाडी आठावली, तरंग आठावलो नाय."

काकी चुलीकडून म्हणाल्या, "कसो आठावतलो? दसऱ्याक तुम्ही कधी घराक होतास?"

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. म्हणून ते जास्त लागलं. काकांनी पांढरा कोट चढवला, शिडी लावली आणि तार स्वतःच्या हातानं उतरवली. देवाशी वाद घालायचा नाही, हे आगबोटीवरही त्यांनी पाळलं होतं. त्याच संध्याकाळी सोनार घाबरून आपली पेटी परत देऊन गेला. मानकऱ्यांचा रोष त्याला नको होता.

आता दोन घरं राहिली, काकींचं आणि माझं. आमची जोडी शाबूत होती. पण आतेची पेटी दुहेरी मुकी झाली. तार नाही आणि जोडीदारही नाही. मी तिच्याकडे गेले तर ती पेटीवरची धूळ पदरानं पुसत होती. म्हणाली, "पावणे गेले गो बाय." मला तिथं उभं राहवेना.

तार उतरवल्याच्या दुसऱ्या दिवशी काकी पोफळींना शिपणं करत होत्या. विहिरीचं पाणी पाटानं वाहत पाणंदीपर्यंत जाई आणि तिथं दगडी मोरीतून रस्त्याखालून आतेच्या परसात उतरे. काका कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून आकाशाकडे पाहत होते.

"वर काय बघतास?" काकी म्हणाल्या. "पाणी पलीकडे खयसून जाता?"

काकांनी खाली पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं. मग बायकोकडे. इतकी वर्षं त्या पाटाला पाणी कुणी लावलं होतं, हे बहुधा त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

पण जोडीदाराचा प्रश्न उरलाच होता. काकांनी आतेला सांगितलं की दुसरी पेटीही तुझ्याच घरी ठेवतो, म्हणजे जोडी जमेल. आतेनं साफ नकार दिला.

"माका एकटीक दोन कित्याक? ती मानकरीण रोज माझ्या चुलीकडे मीठ मागूक येता. तिच्या घरात मीठ नाय असा नाय. ती वाजप आयकूक येता. तिका दी."

मी काकांकडे पाहिलं. काका काकींकडे पाहायला लागले. आणि काकी हसल्या, तोंडाला पदर लावून, पोट धरून. त्यांना तशा हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"पण देवाच्या पायांखालसून वाजप?" काकांना अजून धाकधूक होती.

"खालसून पाणी जाता, कुर्ल्ये जातत," आते म्हणाली. "देवान कोणाक अडवल्यान? मी घालतंय गाऱ्हाणा." आणि बसल्या जागी हात जोडून तिनं देवाला सगळी हकिगत सांगितली, मानकऱ्यांच्या नावासकट.

दसऱ्याआधी पाणंद साफ करायचा रिवाजच होता. त्यामुळे भरदुपारी काकी मोरीतला गाळ उपसायला बसल्या तेव्हा कुणी भुवई उंचावली नाही. उलट मानकरी जाता जाता म्हणाले, "शाबास. देवाची वाट साफ व्हयी." ते वळणाआड गेले, तशी काकींनी डांबरानं तोंडं बुजवलेली, आत तार घातलेली लांब वेळूची काठी मोरीत सारली. पलीकडून एका हातानं ती ओढून घेतली. हिरव्या बांगड्यांचा हात होता. तो मानकरणीचा.

तिच्या घरची पेटी मडक्यांच्या उतरंडीमागे, सुपाच्या आड बसली. काका स्वतः तिथं जाऊ शकत नव्हते, म्हणून पळीचं माप मी घेतलं. मानकरीण घाबरली होती. "तेंका कळला तर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "काका म्हणतात, नीट वाढलं तर कळत नाही." हे बोलताना माझाही त्यावर पुरता विश्वास नव्हता.

दसऱ्याला तरंग आले. ढोल, घाम, बायकांच्या केसांत अबोलीचे वळेसर. मानकरी पुढे. त्यांनी वर बघितलं, मोकळं आकाश दिसलं, मान हलवली. आणि नेमक्या त्या मोरीवर तरंग थांबले. काठ्या जागच्या जागी डुलू लागल्या, पुढे सरकेनात. गडग्याआड काकींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. पलीकडे दारात मानकरीण पांढरीफटक पडली होती. मग तरंग एकदा लवले, सरळ झाले आणि पुढे गेले. आतेनं तिच्या दारातून हात जोडले. "आयकल्यान माझा," ती म्हणाली.

दसरा झाल्यावर मानकरी आमच्या ओटीवर वरचेवर येऊ लागले. जिंकलेला माणूस जसा येतो तसे. "तार काढलंस ता बरा केलंस," ते काकांना सांगत. "आता घरात कशी शांती आसा. आणि तुका सांगतंय, बायल हल्ली काय जेवाण करता. आदी असा करी नाय. दोन घास जास्त जातत." काका खाली मान घालून सुपारी कातरत. त्यांचे कान लाल होत. मी आत पळून जायची.

मग एकदा बॅटरी भरायला मालवणला गेली ती दोन-तीन दिवस आलीच नाही. चारही चुली मुक्या झाल्या. मानकरी दुपारी तणतणत आले आणि बाकावर बसले.

"जेवाण जाना नाय रे."

"मीठ कमी पडला?" काकांनी विचारलं.

"मीठ बरोबर. तिखट बरोबर. कालचीच आमटी, तोच भात. पण बसलंय काय घर खावक येता. कोणतरी उठान गेल्यासारख्या वाटता. खय बघूचा ता कळना नाय."

काका म्हणाले, "उद्या बघ. पोट आसा, होता असा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बॅटरी आली. दुपारी गोव्याकडच्या व्हायोलिनी पुन्हा मोरीखालून निघाल्या. आणि जेवणं होतात न होतात तोच मानकरी पोटावरून हात फिरवत आमच्या ओटीवर हजर.

"परतलो," ते म्हणाले. "बायलेचो हात परतलो. मधी खंय गेल्लो देव जाणे."

काकांची छाती फुगली. ज्या माणसानं सुपाची गोष्ट वासरालासुद्धा सांगायची सोडली नव्हती, त्याच्या हातात हे आलं होतं. देवाचा मानकरी इतके दिवस फिरंगी वाजपावर जेवत होता, आणि तेही स्वतः बंद पाडलेल्या तारेवर. त्यांनी तोंड उघडलं. मी दारात उभी होते, कारण ते एक वाक्य बोलले असते तर आतेचे पाहुणे आणि मानकरणीच्या सुपाआडची पेटी संध्याकाळपर्यंत उरली नसती.

आतून पातेल्याच्या काठावर पळी वाजली. एकदाच, पण नीट.

काकांनी तोंड मिटलं. पंचा खांद्यावर टाकला, मानकऱ्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि किंचित वाकून त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मानकरी गटागटा पाणी प्याले, वर न बघता तांब्या परत केला आणि तृप्त होऊन घरी गेले.

काका कितीतरी वेळ पाणंदीकडे बघत राहिले. चेहरा असा उजळला होता की मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"बाईनू," ते म्हणाले, "आगबोटीर राजे बघलंय, लाट बघलंय. असो प्याशिंजर माका जल्मात मेळाक नाय. पोटभर जेवलो, सुखी झालो, आणि कोणी वाढला ता तेका कळलाच नाय."

काकी दारात आल्या होत्या. "माका कळला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खिळ्यावरची पितळी घंटा काढली आणि दोनदा वाजवली. काका गोंधळून उभेच राहिले. काकींनी बोटानं पाट दाखवला. ते मुकाट्यानं हात धुऊन पाटावर बसले, आणि काकींनी पदर खोचून त्यांना डाव्या बाजूनं वाढलं.